फळीची मागची बाजू

फळी पहिल्याच खेपेला बसली आणि तिथेच माझं बिनसलं. जुन्या गाडीचा लाकडी डॅशबोर्ड नव्याने करायचा म्हणजे पहिल्या खेपेला तो कुठेतरी अडतोच. एखादं भोक केसभर सरकलेलं निघतं, एखादा कोपरा पत्र्याला घासतो, मग फळी काढायची, कानस मारायची, पुन्हा लावायची, आणि चार-पाच वेळा अशी मनधरणी झाली की ती मुकाट्याने आत जाते. त्यात कमीपणा काही नाही. या गाड्या हाताने ठोकून केलेल्या, एकीचं माप तिच्या सख्ख्या बहिणीला लागत नाही, आणि ही तर साठ वर्षांची, दोन माणसांपुरती, कापडी टप मागे दुमडणारी, मधे कधीतरी कुठल्यातरी भिंतीवर आपटून सरळ केलेली. शिवाय मी फळी केली तेव्हा गाडी समोर नव्हतीच, ती रंगाऱ्याकडे होती. नुसत्या पुठ्ठ्याच्या साच्यावरून केलेली फळी, आणि सहाच्या सहा स्क्रूंची भोकं समोरासमोर आली. चालवणाऱ्यासमोरची दोन मोठी मीटरची भोकं, मधली चार लहान, किल्लीचं, बटणांचं, शेजारच्या बाजूचा कप्पा, सगळं जिथल्या तिथे. मी स्टिअरिंगच्या मागे अवघडून बसलो होतो, ओठात दोन स्क्रू, हातात पेचकस, आणि मला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटेना. मी ओठातले स्क्रू काढले आणि फळी परत बाहेर घेतली.

वर्कशॉपमध्ये मी एकटा होतो. सूनबाई सकाळीच क्रोमवाल्याकडे मीटरच्या कड्या आणायला गेली होती, आणि चार वाजता डॉक्टर गाडी बघायला येणार होते. डॉक्टर म्हणजे गाडीचे मालक, दातांचे डॉक्टर, नुकतेच निवृत्त झालेले. आयुष्य लोकांच्या तोंडात बघण्यात गेलं, आता गाडीच्या तोंडात बघतात; दर भेटीत कुठेतरी बोट टेकवून "इथे जरा पोकळ वाटतं" म्हणणार. माणूस वाईट नाही. मी फळी टेबलावर पालथी घातली, चष्मा पुसला आणि खिडकीकडे तोंड करून बघायला लागलो. पुढच्या बाजूला लॅकरचे दहा हात चढलेले असतात, त्याखाली कुणाचंही काम कुणाचंही वाटतं. मागे लॅकर नसतो. भोकांच्या कडा मी मागून अर्धगोल कानशीने मोडतो, जरा घाईघाईतच, त्यामुळे प्रत्येक भोकाला खाली डावीकडे एक चपटी जागा राहते. अण्णा, म्हणजे माझे वडील, याच सवयीवरून मला बोलायचे. ते गेले, सवय राहिली. या फळीच्या भोकांना चपटी जागा नव्हती. कडा सगळीकडून सारख्या फिरलेल्या, दांड्याला पॉलिश पेपर गुंडाळून सावकाश मोडलेल्या. माझ्यापेक्षा चांगलं काम होतं, हे म्हणायला मला लाज नाही. पण ते माझं नव्हतं. बारा दिवसांपूर्वी मी एक फळी माझ्या हाताने पुरी करून मागच्या खोलीत लॅकरसाठी दिली होती, आणि तिथून आता जी बाहेर आली होती ती दुसरीच होती.

मन किती हलकट असतं बघा. पहिला विचार आला तो असा, की सूनबाईने माझं काम बाहेर कुणाकडून तरी करून घेतलं. कानशिलं तापली. नऊ वर्षं ही मुलगी माझ्या शेजारी काम करते आहे, सीट शिवते, दारांना चामडं चढवते, आणि लॅकरही तीच मारते कारण मला त्या वासाने ठसका लागतो. म्हणून मागच्या खोलीत मी पाऊल टाकत नाही. आमच्या मुलाला लाकूड आणि प्लास्टिक यातला फरक कळत नाही, तो ऑफिसात बसून दिवसभर कसलेतरी तक्ते भरतो, पण त्याने आणलेली बायको मात्र पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, हे उलटं ठेवून का काढता?" मी जुन्या फळीवरून साचा काढत होतो. मी तिला सांगितलं, पुढची बाजू सडलेली असली की फळी पालथी घालून मागून आखायची; मात्र साच्यावर लगेच लिहायचं की हा मागून काढलेला आहे, नाहीतर सगळं आरशातल्यासारखं उलटं होऊन बसतं. तिने मान हलवली. दुसऱ्या दिवशी तिने सीटच्या कव्हरचे तुकडे कापताना प्रत्येकावर तसं लिहून ठेवलं होतं. तेव्हाच मी हिला, म्हणजे माझ्या बायकोला, म्हटलं होतं की पोरगी कामाची आहे. अशा मुलीवर मी त्या सकाळी चोरीचा आळ घ्यायला निघालो होतो, आणि मनातल्या मनात चार शब्द सुनावूनही झाले होते.

मग मी व्हिनिअरचा गठ्ठा काढला. व्हिनिअर म्हणजे एकाच ओंडक्यातून एकामागून एक सोललेली लाकडाची पातळ पानं. लागोपाठची दोन पानं पुस्तकासारखी उघडली की नक्षी मधल्या रेघेवर जुळते, म्हणून क्रम मोडायचा नसतो आणि प्रत्येक पानावर खडूने आकडा असतो. डॉक्टरांच्या फळीसाठी मी अक्रोडाचं सातवं आणि आठवं पान घेतलं होतं. वहीत तसं लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात. गठ्ठ्यात वर नववं पान असायला हवं होतं. अकरावं होतं. म्हणजे काम बाहेर गेलं नव्हतं. इथेच, माझ्याच गठ्ठ्यातली पुढची दोन पानं घेऊन, माझ्याच शिकंज्यात दाबून, कुणीतरी दुसरी फळी केली होती, आणि इथे आम्ही दोघंच असतो. शेजारची पानं असल्यामुळे नक्षी जवळजवळ तीच. पुढून बघून मलाही फरक कळला नव्हता. राग गेला. कुणी चांगली फळी बाजूला ठेवून दुसरी करत नाही.

माझी फळी शोधायला फार वेळ लागला नाही. सूनबाईच्या टेबलाच्या बाजूला चामड्याच्या गुंडाळ्या उभ्या असतात, त्यांच्यामागे जुन्या चादरीत बांधलेलं गाठोडं होतं. चादर आमच्याच घरची, निळ्या चौकड्यांची. ती कुठे गेली म्हणून ही मधे दोन दिवस कपाटं उपसत होती. मी गाठ सोडली. सगळ्यात वर माझी फळी होती. बिनलॅकरची, कोरडी, मागे प्रत्येक भोकाला खाली डावीकडे चपटी जागा. मी ती हातात धरून उभा राहिलो आणि बघत राहिलो, आणि आता जे सांगतो ते सांगायला जड जातं. मला तिच्यात काही चूक दिसेना. दोन मोठी भोकं, चार लहान, किल्ली, बटणं, कप्पा. जोड उत्तम. कडा सरळ. मी म्हटलं, हिला झालंय काय, चांगली फळी का टाकून दिली? मग मी दोन्ही फळ्या टेबलावर शेजारी ठेवल्या, तरीही क्षणभर कळेना, आणि मग कळलं तेव्हा एकदम कळलं. माझ्या फळीत सगळं उलट्या बाजूला होतं. वेगाचं मीटर शेजारी बसणाऱ्यासमोर, कप्पा चालवणाऱ्याच्या गुडघ्यावर. साचा मागून काढला आणि त्यावर लिहिलंच नाही, मग तो सुलटा समजून कापला. कुणीही करू शकतो अशी चूक. पण कुणीही केली तरी ती हातात घेतल्यावर दिसते. मला शेजारी दुसरी ठेवावी लागली.

गाठोड्यात आणखी चार गोष्टी होत्या. एका कप्प्याचं झाकण, बिजागऱ्या चुकीच्या कडेला खणलेल्या. दाराच्या वरच्या लाकडी पट्ट्यांची एक जोडी, दोन्ही डाव्या दाराच्या. गिअरच्या दांड्याभोवतीची चौकट, तिचा उतार मागे असायच्या ऐवजी पुढे. घड्याळ बसवायची एक लहान फळी, तीही आरशातली. प्रत्येकीच्या मागे कागदी चिकटपट्टीचा तुकडा आणि त्यावर सूनबाईच्या बारीक अक्षरात तारीख. झाकण सतरा महिन्यांपूर्वीचं. पट्ट्या नऊ महिन्यांपूर्वीच्या. चौकट चार महिने, घड्याळाची फळी दोन, आणि डॅशबोर्ड बारा दिवस. मी त्या तारखांच्या क्रमाने लावून ठेवल्या, कामाची सवय म्हणून, आणि मग वाटलं की नको लावायला होत्या. यातली एकही गोष्ट चुकल्याचं मला आठवत नव्हतं. मला आठवत होतं ते असं, की झाकण बसवलं, गिऱ्हाईक खूष झालं, दाराच्या पट्ट्या बसवल्या, त्याही छान बसल्या. दीड वर्षात माझ्या हातून एकही काम बिघडलं नाही असं मी गेल्याच महिन्यात जेवताना म्हणालो होतो. सूनबाई तेव्हा भांड्यातून पाणी ओतत होती.

मी खुर्ची ओढून बसलो. ती दुपार आठवायचा प्रयत्न केला, ज्या दुपारी मी साचा काढला. सगळं आठवतं, हीच तर गंमत. पाण्याने फुगलेली जुनी फळी, तिचे पदर सुटून पुढची बाजू करपलेल्या पापडासारखी झालेली. मी ती पालथी घातली. खाली पुठ्ठा. पेन्सिलचं टोक तुटलं, ते केलं. बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि कुणीतरी त्याला "येऊ दे, येऊ दे" म्हणत होतं. चहा आला, त्यात साखर जास्त होती. इतकं सगळं आठवतं आणि त्यात एकही जागा अशी नाही, जिथे बोट ठेवून म्हणावं की इथे घसरलं. मग बाकीचं आठवायला लागलं, न बोलावता. मोरीतला नळ बंद करताना मी हल्ली आधी उलटा फिरवतो आणि पाणी जोरात अंगावर येतं. दवाखान्याच्या गल्लीत वळताना ही परवा म्हणाली, "अहो, इकडे," आणि मी म्हटलं की माहीत आहे, गंमत केली. शर्टाची बटणं. कुलूप. एक एक घेतलं तर काहीच नाही. साठी ओलांडलेल्या माणसाला एवढं चालायचंच असं मीच स्वतःला सांगत होतो, आणि स्वतःला समजावण्यात माझा हात कुणी धरणार नाही. मला भीती वाटली, साधी, लहान मुलाला वाटते तशी. हातांची नव्हे, हात तर ठीक चालतात. मला एवढंच कळायला हवं होतं की माझं डोकं ठिकाणावर आहे की नाही, आणि नसेल तर ते मला कोण सांगणार आहे. कारण ज्याच्या डोक्याचं काही होतं त्याला ते कळत नाही. हे मला पुस्तकातून ठाऊक नाही, हे मी घरात बघितलं आहे.

अण्णा कपाटं करायचे. मोठी, भिंतभर, आतल्या खणांना खिळा नाही, सगळे जोड लाकडात लाकूड अडकवलेले. मी त्यांच्याच हाताखाली शिकलो, गाड्यांकडे नंतर वळलो. ते बासष्ट-त्रेसष्टचे असतील तेव्हा एकदा एका कपाटाचं कुलूप बिजागरीच्या बाजूला बसवून मोकळे झाले. आम्ही दोघंही हसलो. मग एकदा खण आला, तो मागून उघडणारा. मग पाय, चारांतले तीन एका लांबीचे, चौथा भलताच. त्यानंतर कुणी हसलं नाही, कारण त्यानंतर मी त्यांना कळूच दिलं नाही. ते दुपारी जेवायला घरी जायचे आणि तास-दीड तास पडायचे. तेवढ्या वेळात मी त्यांचा बिघडलेला तुकडा मोडायचा, नवा करायचा, आणि ते येईपर्यंत जागच्या जागी ठेवायचा. दोन वर्षं मी दुपारचं जेवण उभ्याने केलं. मला त्याचा अभिमान होता, अजूनही आहे. बापाची लाज राखली, दुकानाचं नाव राखलं, म्हाताऱ्याला शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही, असं मी ही गोष्ट सांगताना म्हणतो. आणि ही गोष्ट मी पुष्कळ सांगितलेली आहे. हिला, मुलाला, पाहुण्यांना. सूनबाईला तर दोन-तीनदा. ती ऐकताना हातातली सुई थांबवायची.

पण गोष्ट मी जिथे संपवतो तिथे ती संपली नव्हती. एके दिवशी दुपारी अण्णा लवकर परत आले, की मला उशीर झाला, कोण जाणे. मी नवा केलेला खण टेबलावर होता. त्यांनी तो उचलला, जोडावरून अंगठा फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून, आणि अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "काम चांगलं आहे. माझं नाही." त्यांनी खण खाली ठेवला आणि चहा सांगितला. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लाकडाला करवत लावली नाही. रोज वेळेवर यायचे, कोपऱ्यात बसायचे आणि पटाश्यांना धार लावायचे. धार असलेल्या पटाश्यांनाच पुन्हा. त्या झिजून निम्म्या झाल्या. अशी सहा वर्षं गेली, आणि त्या सहा वर्षांत आम्ही दोघं त्याविषयी एक अक्षर बोललो नाही. मला वाटायचं ते माझ्यावर रागावलेत. मला असंही वाटायचं की त्यांना कळलंच नाही, ते वाक्य सहज बोलून गेले. सोयीप्रमाणे मी कधी हे धरायचो, कधी ते. त्यांना काय वाटलं असेल हे मला त्या मंगळवारी, चादरीसमोर बसल्यावर, पहिल्यांदा कळलं. काम हातातून गेल्याचं तितकं नव्हतं. दोन वर्षं पोरगा आपल्याशी खोटं वागला, रोज दुपारी, आणि संध्याकाळी शेजारी बसून चहा प्यायला, ते होतं. लहान मुलाने चित्र काढलं की मोठी माणसं म्हणतात ना, वा छान, आणि मागून नीट करतात. तसं करून ठेवलं मी त्यांचं.

सूनबाई तीनच्या सुमाराला आली. तोवर मी गाठोडं होतं तसं बांधून ठेवलं होतं, आणि चांगली फळी गाडीत दोन स्क्रूंवर अडकवून ठेवली होती. तिने कड्या टेबलावर ओतल्या, एक उचलून उजेडात धरली आणि म्हणाली, "बघा, यावेळी क्रोमवाल्याने मनावर घेतलंय. बसली का हो फळी?"

"पहिल्या खेपेला," मी म्हटलं.

"अरे वा," ती म्हणाली, आणि कड्या पुसायचं फडकं शोधायला लागली. फडकं तिच्या खांद्यावरच होतं.

डॉक्टर चारला आले ते चारलाच. गाडीभोवती एक फेरी, मग दार उघडून आत, मग दोन्ही हात स्टिअरिंगवर. फळीवर उजेड पडला होता आणि अक्रोडाचे पट्टे मधल्या रेघेपासून दोन्हीकडे सारखे पसरले होते. त्यांनी कप्प्याच्या झाकणावर बोटाचं पेर वाजवून बघितलं, वाकून भोकांतून आत बघितलं, आणि यावेळी कुठेही पोकळ वाटलं नाही. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "हात आहे तुमचा. या वयात असा हात. मी साठीला ड्रिल खाली ठेवलं, मला माझी खात्री वाटेना. तुम्हाला कशी वाटते हो?" मी सूनबाईकडे बघितलं. ती खाली बघून कडी पुसत होती, पुसलेलीच कडी. मी म्हटलं, "सवय आहे." डॉक्टरांनी आणखी दोन वाक्यं कौतुकाची काढली, ती मी उन्हात उभं राहून घ्यावीत तशी घेतली, आणि ते गेल्यावर दाराची कडी लावून घेतली. मग चामड्याच्या गुंडाळ्यांमागून गाठोडं आणलं आणि तिच्यासमोर ठेवलं.

तिने हातातली कडी इतर कड्यांवर ठेवली. आवाज होऊ न देता.

"कधी सापडलं?"

"सकाळी."

"मग डॉक्टरांसमोर काही बोलला नाहीत ते?"

"दातखीळ बसली."

ती हसली नाही. एरवी हसली असती. मी म्हटलं, "किती?"

"पाच आहेत की त्यात."

"ते मी मोजले. मी विचारतोय किती."

तिने फडकं घडी करून ठेवलं. "सात. दोन दुरुस्त झाल्या, म्हणून ठेवल्या नाहीत."

सात. माझ्या हिशेबात एकही नव्हती. मी विचारलं, "तारखा कशाला लिहिल्यास?"

"दवाखान्यात विचारतील ना, कधीपासून म्हणून. आपल्याला नीट सांगता यायला हवं."

"मग नेलं का नाहीस अजून?"

"दर वेळी वाटायचं, ही शेवटची असेल." तिने चादरीची सुरकुती सरळ केली. "घरी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईंनाही नाही. चादरीसाठी आईंचं बोलणं खाल्लं मी."

मी चिडलो होतो, तेही सांगून टाकतो. इतका वेळ दाबून ठेवलेलं वर आलं. मी म्हटलं, "आणि मला? मला सांगावंसं नाही वाटलं? माझे हात, माझं काम, आणि सगळ्यात शेवटी कळणार ते मलाच?" आवाज चढला होता. ती मागे सरकली नाही. ती म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना, अण्णा आजोबांचं. दोन वर्षं त्यांना कळू दिलं नाहीत. तुम्ही सांगायचात तेव्हा तुमचे डोळे भरून यायचे. मला वाटलं, घरच्या माणसासाठी असंच करायचं असतं."

ती खरं तेच बोलत होती. मीच तिला शिकवलं होतं, जसं साचा काढायला शिकवलं तसं, आणि साच्याचं काम मी पूर्ण शिकवलं होतं, हे अर्धंच. मी स्टुलावर बसलो आणि तिला उरलेलं सांगितलं. अण्णांनी खण उचलला ते, अंगठा फिरवला ते, ते वाक्य. पटाश्या. सहा वर्षं. त्यांना वाईट कशाचं वाटलं असेल तेही सांगितलं, कारण आता ते मला ऐकीव राहिलं नव्हतं. मी हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, हिलासुद्धा नाही. सांगताना माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं नाही. तिच्या आलं. तिने ते मनगटाच्या मागच्या बाजूने पुसलं, कारण हाताला पॉलिश लागलेलं होतं.

"मला काय माहीत," ती म्हणाली.

"तुला कसं माहीत असणार. पुढच्या वेळी मला हाक मार. तिथल्या तिथे. गिऱ्हाईक असलं तरी."

"तुम्ही चिडाल."

"चिडेनच. चिडू दे."

तिने गाठोड्याची गाठ सोडली. मग म्हणाली, "बाबा, तुम्ही ती फळी गाडीत लावून बघितलीत?"

मी नव्हती बघितली. टेबलावर बघितली होती. तिने चांगली फळी दोन स्क्रू सोडवून काढली आणि सीटच्या मागे कापडावर ठेवली. मग माझी फळी उचलली आणि म्हणाली, "बसा तुम्ही." मी नेहमीच्या बाजूला जायला लागलो, तर तिने मान हलवली आणि पलीकडचं दार उघडलं. मी शेजारच्या सीटवर बसलो. ती स्टिअरिंगमागे बसली, फळी स्टिअरिंगच्या पलीकडून आत सरकवली, आणि आम्ही दोन्हीकडून एकेक टोक धरून ती पत्र्याला टेकवली. आणि मग मला ते दिसलं, शेजारी दुसरी फळी नसताना. माझ्यासमोर वेगाचं मीटर आणि त्याला लागून इंजिनाच्या फेऱ्यांचं, दोन मोठी भोकं, त्यांतून आतल्या तारा दिसत होत्या. तिच्यासमोर स्टिअरिंग, आणि त्याच्यामागे कप्प्याचं झाकण. किल्ली माझ्या हाताशी होती. सात वेळा तिने हे असं एकटीने बघितलं होतं आणि जेवायला घरी येऊन वाढायला घेतलं होतं.

"दिसलं?" तिने विचारलं.

"दिसलं."

बाहेर साडेपाच वाजल्यासारखं ऊन होतं. शेजारच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं आणि परत वर गेलं. मी म्हटलं, "दवाखाना सहाला उघडत असेल."

"मेंदूच्या डॉक्टरांचा नंबर आहे माझ्याकडे. मागच्या महिन्यात घेतलाय."

"लाव मग. तारखा वाचून दाखव त्यांना. सातही सांग, पाच नको."

तिने माझ्याकडे बघितलं, मग फळीकडे. फळी सोडली तर तिच्या पायावर आली असती. मी तिच्या बाजूचं टोकही धरलं, हात लांब करून, म्हणजे तिला फोन काढता येईल. पलीकडे घंटी वाजत होती ती मला ऐकू येत होती. मी फळी धरून बसलो.